तोंडी हुकूम

६ एप्रिल, सोमवार

आज गोरेगावला किल्ला बघून आलो. थर्माकोलचा. डोंगराच्या पायथ्याला स्टुडिओवाल्यांनी सरहद्दीवरचं फौजी ठाणं उभं करायला घेतलंय, वेब सिरीजसाठी. अपर्णा तिथे आर्ट डिपार्टमेंटला असिस्टंट. लेकीने वशिला लावला आणि बाप झाला मिलिटरी ॲडव्हायझर. सव्वीस वर्षं फौजेत काढली, त्यातले दोन हिवाळे खऱ्या किल्ल्यात, त्याचं फळ म्हणजे फुकटचा चहा आणि पाठीवर नाव लिहिलेली खुर्ची. नावात ‘घाडी’चं ‘गाडी’ केलंय.

बुरुजाचा दगड एका माणसाने काखेत मारून नेला. खऱ्या किल्ल्यावर आमच्या चौघांना हलत नव्हता.

चुका पुष्कळ. सगळ्यात मोठी म्हणजे दारं. बराकींची दारं बाहेर उघडणारी केलीत. बाहेर छातीएवढा बर्फ पडला की आतला माणूस दार ढकलणार कसा? वर दारं आतच उघडतात. डायरेक्टरने मोबाईल काढून लिहून घेतलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं. रिटायर होऊन मुलुंडला आल्यापासून माझं बोलणं कोणी लिहून घेतलेलं नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा नाही.

८ एप्रिल, बुधवार

दिवसभर आठवून आठवून नकाशा काढला. जुन्या कुठल्या राजाचा दगडी कोट, आणि त्याच्या पोटात आर्मीने घातलेल्या पत्र्याच्या शेडी. तीन बराकी, हत्यारांची कोठडी, देऊळ, लंगर. प्रत्येक शेडीवर ‘टी’ आणि नंबर. टी म्हणजे टेम्पररी. मी गेलो तेव्हा त्यातल्या काही टेम्पररी शेडी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या होत्या.

अ. विचारते, बाबा तिथे दिवस कसा जायचा? काय सांगू. बर्फ वितळवायचा, त्याचं पाणी करायचं. पाण्याचा चहा करायचा. छपरावरचा बर्फ खाली ढकलायचा, तो दारात साठला की दारातून पुढे ढकलायचा. आंघोळ पंधरा दिवसांनी, तीही नंबर लावून. सगळ्या अंगाला रॉकेलचा वास. शत्रू दोन वर्षांत एकदाच बघितला, दुर्बिणीतून, तोही बर्फच ढकलत होता. ती हसली. म्हणाली हे डायरेक्टरला नका सांगू.

लंगर, म्हणजे स्वयंपाकघर, टी-७. ते काढताना हात थांबला. पाणी प्यायलो, मग काढलं.

११ एप्रिल, शनिवार

आज जिभेने घात केला.

मेघना म्हणून लेखिका आहे. हुशार, अंधेरीची, सारखी कॉफी पिते. म्हणाली, “सर, एखादा रिअल इन्सिडेंट द्या ना. टेक्निकल नको, ह्यूमन.” चार लोक भोवती बसलेले. सगळे माझ्याकडे बघतायत. आणि मी परबची गोष्ट सांगितली.

सांगितली ती अशी: आमच्या लंगरात वामन परब म्हणून कुक होता. लंगरात झोपायला सक्त मनाई, दारावर तसं लिहिलेलं. पण हा चुलीच्या ऊबेला जाऊन झोपला. बर्फाच्या वजनाने छप्पर बसलं. सकाळी काढला तेव्हा संपलेला. बेशिस्तीने जीव गेला बिचाऱ्याचा.

मेघनाचे डोळे भरले. अ. ने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चौकशीत सांगितलं होतं तेच सांगितलं. शब्दसुद्धा तेच. अठ्ठावीस वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की आता कुठे अडखळायला होत नाही.

१२ एप्रिल, रविवार

खरं काय ते इथे लिहून ठेवतो. ही वही कोणी वाचत नाही.

मी तेव्हा हवालदार, लंगर कमांडर. म्हणजे लंगराची सगळी जबाबदारी माझी. पहाटेच्या गस्तीला दोन दिवस चहा उशिरा मिळाला, कारण पिंपातलं पाणी गोठायचं आणि चूल पेटायला वेळ लागायचा. मेजरसाहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. मी संध्याकाळी परबला म्हटलं, आजपासून तू लंगरातच झोप, चूल विझू देऊ नको. दारावरचा लेखी हुकूम त्यालाही पाठ होता. तो दाराकडे बघून म्हणाला, “उस्ताद, तुमी सांगतास तर झोपतंय. पण वरचो वासो करकरता हा.”

मी म्हटलं, चार दिवस काढ, बघू.

माझ्याच तालुक्यातला. मालवणीत बोलायचा माझ्याशी, एरवी मुका. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच आला नाही. दार आत उघडणारं, आतून वासा आडवा पडलेला. मागची भिंत फोडून काढला त्याला.

चौकशीत विचारलं, तुम्ही त्याला तिथे झोपायची परवानगी दिली होती का? मी म्हटलं, नो सर. मेजरसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं का? असेल. नसेल. कागदावर लेखी हुकूम होता, झोपू नये असा. माझा हुकूम तोंडी होता, आणि तो ऐकणारा एकच होता.

पुढे मी सुभेदार झालो.

१५ एप्रिल, बुधवार

मेघनाने नवीन पानं पाठवली. चौथा भाग पूर्ण परबवर. नाव बदललंय, पवार. चोरून रम पितो, झिंगून लंगरात पडतो, मरतो.

फोन केला. म्हटलं परब दारूला शिवत नव्हता, माळकरी होता. म्हणाली सर, ही थोडी लिबर्टी आहे, नाहीतर माणूस एवढा बावळट का वागेल ते ऑडियन्सला पटणार नाही.

तेही बरोबरच. मी सांगितलेली गोष्ट पटण्यासारखी नाहीच. चौकशीत मात्र सगळ्यांना पटली.

१८ एप्रिल, शनिवार

रमवरून डायरेक्टरशी वाजलं. मी म्हटलं फौजी माणसाची बदनामी आहे. तो म्हणाला, “सर, बेशिस्तीने मेला हे तर तुम्हीच सांगितलंत.” खुर्चीवर जाऊन बसलो. गाडी.

घरी येताना अ. रिक्षात म्हणाली, बाबा सोडा ना, माझा पहिला मोठा प्रोजेक्ट आहे. सोडलं.

एवढं खरं की रमवर भांडायला सोपं गेलं. रम मी घातली नव्हती ना.

२१ एप्रिल, मंगळवार

लंगर उभं राहिलं. आत जाऊन बघितलं. लेकीने काय केलंय ते लिहून सांगता येत नाही. भिंतीवर धुराचा थर, डाव्या हाताला चूल, पिंप, पिठाची पोती, डोक्यावर वासे. मी जे जे बोललो ते ते तिने केलंय. दार आत उघडतं.

पेंटरने विचारलं, दारावर नेमकं काय लिहिलेलं होतं? मी खडूने लिहून दाखवलं, “लंगर में सोना मना है”. त्याने त्यावरून लाल रंग फिरवला. अक्षर माझंच राहिलं.

बाहेर सदतीस डिग्री. कोट घातलेले नट पंख्यासमोर उभे.

२३ एप्रिल, गुरुवार

बायकोने घोळ घातला. सुनंदाला फोनवर सांगून बसली की तुझा नवरा होता तो किल्ला गोरेगावला बांधलाय आणि आमच्या ह्यांनी बांधून घेतलाय. सुनंदा म्हणजे परबची बायको. चारकोपला असते, सेक्टरमधल्या खोलीत. तिच्या भावाने तिथे आणली, शिवणकाम करून तिने मुलगा वाढवला. तिला माझ्याबद्दल एवढंच माहीत, की वामनच्या सामानाची पेटी घेऊन कोकणात मी आलो होतो, आणि पुढे दर वर्षी तिच्या दारात गेलो. भाऊबीजेला ओवाळते मला. पहिल्या वर्षी ओवाळायला लागली तेव्हा नको म्हणायला हवं होतं. तिला वाटलं असतं मी नातं झिडकारतोय. ताटापुढे बसलो. तेव्हापासून बसतोय.

तिला किल्ला बघायचाय. चारकोपहून रिक्षाने अर्धा तास.

मी बायकोला म्हटलं धूळ आहे, ऊन आहे, तिचे गुडघे दुखतात. ही म्हणाली, तिचा नवरा तिकडे मेला, तुम्हाला गुडघ्यांचं सुचतंय?

२६ एप्रिल, रविवार

आली होती. शूटिंग नव्हतं. नवी साडी नेसून आली. अ. ने सगळं फिरवून दाखवलं. सुनंदाने प्रत्येक भिंतीला हात लावला, हाताला राखाडी रंग लागला तो पुसला नाही.

लंगरात आल्यावर इकडेतिकडे बघून म्हणाली, “माका वाटायचा खूप मोठा असात. एवढाच?”

मग दारावरची लाल अक्षरं तिने सावकाश वाचली. अर्धी मालवणी, अर्धी चारकोपची अशी तिची भाषा झालीय आता. म्हणाली, “दादा, ह्या तेंका वाचता येत होता ना?”

हो म्हटलं.

“वाचून पण झोपले?”

मी म्हटलं, थंडी फार होती गं.

पुन्हा तेच. समोर तीच विचारतेय, दुसरं कोणी नाही, साहेब नाही, कागद नाही, आणि माझं तोंड आपोआप तेच बोललं. लाज वाटली नाही त्या क्षणी. सुटलो असं वाटलं. ते जास्त वाईट.

ती चुलीजवळ पोत्यावर थोडा वेळ बसली. जाताना म्हणाली, गावाला शाळेसमोरच्या दगडावर सगळ्या जवानांची नावं आहेत, तेवढं ह्यांचं नाही. सरपंचाने सांगितलं होतं, लढाईत नाही गेला तर नाही, पण निदान ड्यूटीवर गेला असा कागद आणा. असा कागद तिला कुठून मिळणार? कागदावर तर मी चौकशीत सांगितलेलं आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

चौथ्या भागाचं शूटिंग. छप्पर पाडलं. पहिल्यांदा पत्रा अडकला, मग बर्फ नीट पडला नाही, मग नटाने डोळे मिटायला उशीर केला. सात वेळा मारला त्याला. प्रत्येक वेळी कटनंतर तो उठायचा, बर्फ झटकायचा, पाणी प्यायचा. बर्फ कागदाचा.

सातव्या वेळेनंतर मी मेघनाकडे गेलो. म्हटलं, हे चुकलंय, त्याला तिथे झोपायला सांगितलेलं होतं. तिने विचारलं कोणी. मी म्हटलं, लंगर कमांडरने.

तिने हातातली पानं चाळली. मग म्हणाली, “पण सर, ते कॅरेक्टर आपण पॉझिटिव्ह ठेवलंय. नुसत्या हातांनी बर्फ उकरतो तो. तुमच्यावरूनच लिहिलंय.”

मी थँक यू म्हटलं. खरंच म्हटलं. कसला माणूस आहे मी.

१ मे, शुक्रवार

चारकोपला जाऊन आलो. एकटा.

सुनंदा दारात बसून सुकट निवडत होती. मुलगा निलेश कामावर, सून माहेरी. चहा नको म्हटलं. उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर परत थंडीचं काहीतरी बोललो असतो.

म्हटलं, “सुनंदा, वामन आपल्या मर्जीने झोपला नव्हता. मी सांगितलं होतं त्याला. वासा वाजतो म्हणालेला तो, तरी मी सांगितलं. चौकशीत मी नाही म्हणालो.”

तिचे हात थांबले नाहीत. सुकट निवडतच राहिली, काड्या एका बाजूला, सुकट एका बाजूला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, ऐकलंय.

मग सासूचं बोलली. सासू मरेपर्यंत तिला ऐकवायची, ‘झोपेत मेलो, शिपाय कसलो तो?’ निलेशला शाळेत पोरं ‘झोपाळू’ म्हणायची. गाव सोडून ती इथे का आली ते मला आज कळलं. मी समजत होतो पोटासाठी आली.

मी माफी मागायला लागलो. तिने हात वर केला, थांबा म्हणून.

“तोंडी नको, दादा. लिहून द्या. सही करून.”

दादा म्हणाली. सवयीने म्हणाली असेल.

२ मे, शनिवार

घरी सांगितलं. बायको गॅस बंद करून आत गेली. तासाने बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, मला तरी सांगायचं होतंत. मी म्हटलं तुला सांगितलं असतं तर तू सुनंदाला सांगितलं असतंस. म्हणाली, हो, सांगितलंच असतं.

अ. ला संध्याकाळी सांगितलं. आधी तिला वाटलं मी पुन्हा रमबद्दल बोलतोय. मग कळल्यावर खाली बसली. म्हणाली एपिसोड लॉक झालाय, कागद बाहेर गेला, कोणी बातमी केली तर सगळे मलाच धरतील, माझ्या बापाने फसवलं म्हणून. बरोबर आहे तिचं. मग वर न बघता म्हणाली, “त्या दाराच्या बिजागऱ्या मी तुमच्या शब्दावर तीनदा बदलून घेतल्या, बाबा.”

एवढं बोलून ऑफिसचं काम काढून बसली. जेवली नाही.

४ मे, सोमवार

कागद लिहायला बसलो. रेकॉर्ड ऑफिसला पाठवता येईल असा, आणि एक प्रत गावच्या सरपंचासाठी. सव्वीस वर्षं रिपोर्ट लिहिलेत, हे काय अवघड. नंबर, हुद्दा, नाव, पलटण झरझर लिहून झालं. मग मुख्य वाक्य.

‘सदर कुक यांना लंगरात झोपण्यास सांगण्यात आले होते.’

चांगलं वाटलं. स्वच्छ. बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, कोणी सांगितलं ते कुठाय यात?

दुसरा लिहिला. ‘लंगराच्या जबाबदार अधिकाऱ्याकडून तोंडी सूचना देण्यात आली.’ तिने वाचला आणि परत दिला.

तिसऱ्यात ‘माझ्याकडून अनवधानाने’ आलं. तो मीच फाडला. अनवधान कसलं? चांगला शुद्धीत होतो, हातात चहाचा मग होता.

हात कागदावर ठेवला की आपोआप ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’ असंच उतरतं. फौजेत आम्ही कोणी कधी काही केलंच नाही. सगळं करण्यात आलं.

निलेशचा फोन येऊन गेला. काका म्हणाला नाही. आई उद्या दहा वाजता कागद न्यायला येतेय, एवढं सांगून ठेवला.

५ मे, मंगळवार

सकाळचे सव्वानऊ. रात्रभर झोप नाही. टेबलावर चौथा कागद आहे, वरचं नाव-नंबर झालंय, खाली सहीची रेघ मारलीय, मधला भाग कोरा. अ. कामावर जाताना क्षणभर टेबलापाशी थांबली. मला वाटलं कागद उचलेल, फाडेल. तिने नुसतं वाचलं, वाचण्यासारखं होतं तेवढं, आणि पेनाचं टोपण लावून गेली. लिहू नका म्हणाली की पेन सुकेल म्हणाली, कळलं नाही. विचारलं नाही.

बायकोने पोहे केलेत, सुनंदासाठी. खाईल का इथे, माहीत नाही.

परबला लंगरात झोपायला मी सांगितलं. मी, बाळकृष्ण घाडी, मी सांगितलं आणि मी खोटं बोललो. बघ, इथे कसं भरभर येतं. वहीत खाली सही करावी लागत नाही.

खाली रिक्षा थांबली. आताशी साडेनऊच होतायत.